मायक्रोग्रॅमचा हिशेब

केमिस्टकडे थायरॉइडची गोळी मागितली की तो लगेच विचारतो, "कितीची देऊ?" पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, अठ्ठ्याऐंशी, शंभर, एकशे पंचवीस. हे आकडे मायक्रोग्रॅमचे. एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. तापावरच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीतलं औषध शंभराच्या थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाच्या पाच हजार पट भरतं. इतक्या थोड्या औषधावर हृदयाचे ठोके, पोटाचं काम, अंगातली ऊब, झोप, केस, पाळी हे सगळं अवलंबून असतं. म्हणूनच या गोळीत दहा-बारा मायक्रोग्रॅमचा फरक पडला तरी शरीराला तो कळतो.

ही गोळी मी बरीच वर्षं घेते आहे. तिने मला उभं केलं. सकाळी अंथरुणातून उठवत नसे, चेहरा सुजलेला असे, बोललेलं आठवत नसे, ते दिवस तिच्यामुळे मागे पडले. पण मध्यंतरी काही महिने हीच गोळी मला जड गेली. तेव्हा काय झालं आणि त्यातून वाट कशी निघाली, ते सांगायला हवं, कारण ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. 2013 मध्ये आपल्या देशातल्या आठ शहरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मुंबई आणि गोवाही होते. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला थायरॉइड कमी असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे गल्लीतल्या कितीतरी घरांत ही गोळी असणार.

सुरुवात रात्री झाली. डाव्या कुशीवर वळलं की उशीत ठोके ऐकू यायचे. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. पंखा पूर्ण वेगात असताना मानेवर घाम. दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागे. ब्लाउजला हुक लावायला बसले की सुईत दोरा जात नसे, कारण बोटं स्थिर राहत नव्हती. पाळी जाण्याचं वय होतं, त्यामुळे घरच्यांनी सगळ्याचं खापर त्यावर फोडलं. यात त्यांचा दोष नाही. पाळी जाण्याची आणि थायरॉइडच्या बिघाडाची लक्षणं इतकी सारखी असतात की रक्त तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघण्याआधी माझे हात बघितले. "हात समोर धरा ताई, बोटं फाकवा." मग टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांनी माझ्या पसरलेल्या बोटांवर आडवा ठेवला. बोटं माझ्या नजरेला जवळजवळ स्थिरच दिसत होती, पण कागदाची कड मात्र बारीक फडफडत होती. नाडीही त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजली. ठोके नुसते जलद आहेत की मध्येच चुकतात, हे त्यांना बघायचं होतं. ईसीजी काढला, तो सुदैवाने ठीक आला. टीएसएच मात्र 0.08 निघालं.

टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा असतो. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ती टीएसएच वाढवते, जास्त झालं की आवरतं घेते. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर साधारण 0.4 ते 4 च्या आसपासची मर्यादा छापलेली असते. माझा आकडा तिच्या बराच खाली होता, म्हणजे गोळी जास्त होत होती.

पण गोळी तर तीच होती, शंभराची! मग जास्त कशी झाली? डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात दुसरी कुठली गोळी बंद झाली का?" झाली होती. अॅसिडिटीसाठी रोज सकाळी घेत असलेली गोळी पोटाच्या डॉक्टरांनीच थांबवली होती. तिथे गाठ सुटली. थायरॉइडची गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागतं. अॅसिडिटीच्या गोळीने आम्ल कमी झालं होतं, तेव्हा थायरॉइडचा डोस वाढवावा लागला होता. आता आम्ल पूर्ववत झालं आणि तोच डोस अंगात पुरता उतरू लागला. शिवाय वजनही उतरलं होतं. ज्यांची ग्रंथी जवळजवळ कामच करत नाही, त्यांना दर किलोला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लागतं. वजन बदललं की गरजही बदलते.

शंभराची गोळी अठ्ठ्याऐंशीवर आली. आता बरं वाटेल म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून वाट बघू लागले, पण या औषधाला घाई नसते. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला त्याला सुमारे 7 दिवस लागतात. नव्या डोसवर शरीर स्थिरावायला दीड महिना जातो, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. हा दीड महिना काढणं हेच खरं काम.

डॉक्टरांनी धडधड आवरायला थोड्या दिवसांसाठी वेगळी गोळी दिली. दमा असेल तर ती सगळ्यांना चालत नाही, म्हणून त्यांनी आधी विचारून घेतलं. दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद केली. उशाशी एक वही ठेवली. सकाळी डोळे उघडले की उठण्याआधी अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहायची. झोप कशी लागली, पोट कसं आहे, हाताचा कंप, नवी सुरू झालेली किंवा बंद झालेली गोळी, सगळं एकेका ओळीत. नाडीचे आकडे हळूहळू उतरताना दिसले तेव्हा मनाची भीतीही उतरली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रिपोर्टइतकंच लक्ष देऊन ती वही वाचली.

केस गळणं मात्र लगेच थांबलं नाही. थायरॉइड कमी असो वा जास्त, केस गळतातच. गोळी नवीन सुरू झाल्यावरही पहिले काही महिने ते गळू शकतात. रक्त ताळ्यावर आलं तरी केसांना वेळ लागतो. या काळात बायका केसांच्या गोळ्या सुरू करतात आणि त्यातल्या पुष्कळांमध्ये बायोटिन असतं. बायोटिनमुळे अनेक लॅबच्या तपासणीत टीएसएच खोटं कमी दिसतं, आणि गोळी जास्त होत नसतानाही जास्त होते आहे असं वाटतं. तेव्हा रक्त देण्याआधी किमान दोन दिवस या गोळ्या थांबवाव्यात, आणि घेत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं. त्या सकाळची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी.

रोजची वेळ सांभाळणं हेही तितकंच महत्त्वाचं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आपल्या घरांत दिवस चहाने सुरू होतो, त्यामुळे हा तासभर अवघड जातो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने, म्हणजे दुपारच्या जेवणाशी. हरितालिकेचा उपवास निर्जळी करणाऱ्या माझ्या मैत्रिणी आता गोळीपुरतं पाणी पितात, आणि ते योग्यच आहे. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात रात्रीची गोळी चांगली लागू पडलेली दिसली होती. कंपनी बदलली तर दीड महिन्याने टीएसएच पुन्हा बघावं.

डोस जास्त राहिला तर नुकसान नुसत्या धडधडीपुरतं थांबत नाही. पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात, आणि साठीपुढच्या माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून वयस्कर आणि हृदयविकार असलेल्या माणसांना अगदी कमी डोसवर, 12.5 किंवा 25 वर सुरू करून हळूहळू चढवतात. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

माझ्या त्या दिवसांत सर्वांत जास्त मिळालेला सल्ला होता, "बंदच करून टाक ती गोळी." हा सल्ला घातक आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी 1891 मध्ये मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. त्याआधी थायरॉइड कमी पडण्याच्या या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. माणूस सुजत, मंदावत, गारठत संपून जायचा. ती बाई नंतर 28 वर्षं जगली. तिचा अर्क मेंढीचा होता, आपल्याला मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली, काही रुपयांची गोळी मिळते. गरोदर बाईने तर घरच्या कुणाच्याही सांगण्यावरून ती थांबवू नये. त्या महिन्यांत गरज उलट वाढते, आणि बाळाच्या मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून असते.

माझं टीएसएच आता मर्यादेत आहे आणि सुईत दोरा जातो. गोळीचा त्रास होत असेल, तर बहुतेक वेळा मुळाशी डोस असतो, वेळ असते किंवा सोबतची दुसरी गोळी असते, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येतात. तेव्हा गोळी मनाने सोडू नका, मनाने वाढवूही नका. त्रास लिहून ठेवा, रक्त तपासा आणि ते लिहिलेलं घेऊन डॉक्टरांसमोर बसा.