मोत्याचा फोटो, जुन्या वळणाचा

फोनमधलं 'व्हिंटेज' बटण दाबलं की सकाळी टेकडीवर काढलेला लॅब्राडोरचा फोटो क्षणात तपकिरी होतो. गळ्यात मात्र पोपटी नायलॉनचा पट्टा तसाच, मागे कुणाची तरी स्कूटर उभी, आणि फोटो उभ्या माणसानं वरून खाली बघत काढलेला. अशानं फोटो जुना दिसत नाही, नुसता मळकट दिसतो.

खरे जुने फोटो तपकिरी दिसतात ते रसायनामुळे. कृष्णधवल प्रिंटमधल्या चांदीवर गंधकाची प्रक्रिया केली की तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. तांबूस छटा येते आणि प्रिंट जास्त टिकते. सेपिया म्हणतात ते हेच. १९७०च्या दशकातल्या रंगीत प्रिंटचं दुखणं निराळं. त्यांतल्या अनेकींमधली निळसर छटा आधी उडते, म्हणून त्या लालसर पडतात. तेव्हा १९७५ सालचा भास हवा असेल तर सेपियाच्या वाटेला जाऊच नये.

मराठी घरांतल्या अल्बममध्ये आणखी एक खूण सापडते. बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याला १२० चा रोल लागे आणि त्यावर बारा चौकोनी फोटो निघत. फोकस हलवायची सोय नव्हती, जवळचं पुसट येई, म्हणून फोटो काढणारा चार पावलं मागे सरके. मग फ्रेममध्ये कुत्रा लहानसा आणि भोवती अख्खं अंगण: तुळशीवृंदावन, दोरीवरचे कपडे, आजोबांची आरामखुर्ची. हल्ली चेहरा फ्रेमभर घ्यायची सवय जडली आहे. फोटो चौकोनी कापला आणि कुत्र्याभोवती ऐसपैस जागा सोडली, तरी बरंच काम होऊन जातं.

उरलेलं काम लेन्सचं. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४ ही हौशी मंडळींची लाडकी. झेनिट कॅमेऱ्यांसोबत येणारी ही ५८ मिलिमीटरची लेन्स जर्मन बायोटारवर बेतलेली. अडॅप्टर लावला की आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. ती पूर्ण, म्हणजे एफ/२ पर्यंत उघडायची, कुत्रा जवळ बसवायचा आणि झाडी त्याच्या बरीच मागे ठेवायची. पानांतून झिरपणारे कवडसे मग भोवऱ्यासारखे गरगरलेले दिसतात. ऊन मागून असेल तर कानांच्या कडेचे केस उजळतात. जुन्या काचेवरचा लेप आजच्याइतका चांगला नसतो, त्यामुळे प्रकाश आत पसरतो आणि सावल्या दुधाळ होतात. जो दोष काढण्यात लेन्स बनवणाऱ्यांची वर्षानुवर्षं गेली, तोच इथे पैसे मोजून घ्यायचा!

गोम एकच. फोकस हातानं करावा लागतो आणि एफ/२ वर चुकीला फारशी जागा राहत नाही. मुधोळ हाउंडसारख्या, म्हणजे आपल्याकडे कारवानी म्हणतात तसल्या लांब तोंडाच्या कुत्र्याचे डोळे स्पष्ट आले की नाक पुसट होतं. डोळेच धरावेत. पळत्या कुत्र्यामागे ही लेन्स घेऊन लागण्यात अर्थ नाही. तिथे ऑटोफोकस आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर स्पीड बरा. काळ्या कुत्र्याला कॅमेरा करडा करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवायचं. पांढऱ्या स्पिट्झसाठी थोडं चढवायचं. रंगांसाठी पुणेकरांना वेताळ टेकडी आहेच. डिसेंबरात तिथलं गवत वाळून पिवळं होतं आणि कोवळ्या उन्हात जुन्या फिल्मची छटा आयतीच मिळते.

राहिला प्रश्न उंचीचा. त्याचं उत्तर एलियट अरविट (१९२८–२०२३) या अमेरिकी छायाचित्रकारानं देऊन ठेवलं आहे. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वेटर घातलेला चिवावा टिपला. शेजारी एका बाईंचे फक्त सँडलमधले पाय. १९७४ सालच्या त्याच्या गाजलेल्या फोटोत ग्रेट डेनचे दोन उंच पाय, मध्ये बाईंचे बूट आणि कडेला टोपी घातलेला इवलासा चिवावा. ग्रेट डेनचं धड आणि बाईंचा चेहरा फ्रेमबाहेर, कारण कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला. त्या चिवावाच्या ऐटीपुढे बाकी दोघं नुसते खांब वाटतात. हा फोटो उभ्यानं काढला असता तर हाती काय लागलं असतं? एका टोपीचा शेंडा.

कुत्र्यानं कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून कुणी चूं-चूं वाजणारं खेळणं दाबतं, कुणी शिटी मारतं, कुणी खाऊ दाखवतं. एकच आवाज दोन-चारदा चालतो, मग कुत्रा सरावतो आणि कानही टवकारत नाही. तो सारखा जांभया देऊ लागला, नाक चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर वैतागलाय असं समजून आवरतं घ्यावं. अरविट स्वतः कुत्र्यांवर भुंकायचा. क्योटोमध्ये असाच तो कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाईंच्या मागे गेला आणि भुंकला. बाई गर्रकन वळल्या आणि त्यांनी आपल्याच कुत्र्याला लाथ मारली.