हवेचा हिशेब तपासणारा वायू!

नोव्हेंबर उजाडला की दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात स्वेटरांचे ढीग लागतात, गिऱ्हाइकांची झुंबड उडते. नेमक्या याच दिवसांत राजधानीवर धुरकट आभाळ उतरते. उद्या-परवा हवा किती बिघडेल, याचा अंदाज पुण्याची आयआयटीएम ही संस्था आणि हवामान खाते २०१८ पासून देत आहेत. शाळा बंद ठेवायच्या का, बांधकामे थांबवायची का, हे ठरवताना हा अंदाज पाहिला जातो. तो चुकला तर गवंड्याची रोजी फुकट बुडते, नाहीतर दम्याचे आजोबा नको त्या दिवशी फिरायला बाहेर पडतात!

असा अंदाज संगणकातल्या मॉडेलवर बांधलेला असतो. वारा धूर कुठून कुठे नेईल, किती उंच चढवेल, याचे ते गणित. पण हे गणित बरोबर की चूक, हे तपासायचे कसे? धुरावरून तपासावे, तर शेतात, रस्त्यावर, चुलीत नेमके किती जळाले ते कुणाला ठाऊक? त्यात पावसाने थोडा धूर धुऊन निघतो तो वेगळाच.

इथे मदतीला येतो रेडॉन. मातीत आणि खडकांत किंचित युरेनियम असते. त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून हा किरणोत्सारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो सहसा कशाशी संयोग पावत नाही, पावसाने धुऊनही जात नाही. जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सरासरी एखादा अणू बाहेर पडतो. समुद्रातून फारच थोडा. आणि सुमारे ३.८ दिवसांत तो निम्मा उरतो. त्याचा भाऊ थोरॉन तर ५६ सेकंदांतच निम्मा होतो, म्हणून तो जमिनीलगतच संपतो.

म्हणजे घरखर्चाच्या वहीसारखेच झाले. जमा माहीत, खर्च माहीत. तरी शिल्लक जुळत नसेल तर संशय वाऱ्याच्या गणितावर! अर्थात ओल्या मातीतून रेडॉन कमी निघतो, तेवढी सूट द्यावी लागते.

थंडीच्या रात्री जमीन गार पडते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. त्याखाली रेडॉन साचतो. ऊन चढले की वर जाऊन विरळ होतो. दिल्लीचा धूरही असल्याच झाकणाखाली कोंडतो. हे झाकण मॉडेलमध्ये वेळेवर उघडते की नाही, ते रेडॉनच्या मोजमापांवरून कळते.

दूरच्या प्रवासाचीही अशीच परीक्षा होते. दक्षिण हिंदी महासागरातले अ‍ॅमस्टरडॅम बेट जमिनीपासून हजारो किलोमीटर दूर आहे. तिथे अधूनमधून रेडॉन एकाएकी वाढतो, तो आफ्रिकेकडच्या वाऱ्याबरोबर आलेला असतो. १९९३ मध्ये एका कार्यशाळेत जगभरातली २० मॉडेल्स रेडॉनच्याच कसोटीवर घासून पाहिली गेली. अरबी समुद्रावरच्या हवेतही भारतीय शास्त्रज्ञांनी रेडॉन मोजला आहे.

किरणोत्सारी म्हटल्यावर घाबरायचे का? उघड्या हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प असते. कोंदट तळघरात मात्र तो साचू शकतो, आणि वर्षानुवर्षे तसा श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तळमजल्याच्या खोल्यांत हवा खेळती ठेवावी. दिल्लीकरांनी मात्र खिडकी उघडण्यापूर्वी त्या दिवसाचा हवेचा अंदाज पाहून घ्यावा!