फणी लागली तरी दुखतं

सत्तरीची बाई म्हणाली, “कानशिलाला फणी लागली तरी दुखतं,” तर घरात बामाची बाटली शोधली जाते. त्याच वेळी तिला आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. भाकरी चावताना चार घासांत जबडा भरून येतो का? डोळ्यापुढे क्षणभर अंधारी येते का? 1890 मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी अशाच एका म्हाताऱ्याची नोंद केली. त्याला डोक्यावर टोपी ठेववत नव्हती.

हा जायंट सेल आर्टरायटिस, पन्नाशीनंतर होणारा रोहिण्यांचा दाह. युरोपच्या मानाने तो आपल्याकडे कमी सापडतो, म्हणून चटकन आठवतही नाही. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला, तर गेलेली नजर सहसा परत येत नाही.

स्टेरॉइडने काही दिवसांत आराम पडतो. पण खरी कसोटी लागते ती पुढे, महिनोन्‌महिने डोस उतरवताना. जवळजवळ निम्म्या रुग्णांत आजार याच काळात उलटतो. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद केली, तर जिवावर बेतू शकतं.

उलटला हे ओळखायचं कसं? ईएसआर तपासणीत उभ्या नळीतलं रक्त तासाभरात किती मिलिमीटर खाली बसलं, ते मोजतात. दाह असला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून भराभर बसतात. पण रक्त कमी असलं किंवा साधा जंतुसंसर्ग झाला, तरी हा आकडा चढतो. उलट टोसिलिझुमॅब या औषधाचं इंजेक्शन चालू असेल, तर दाह धुमसत असतानाही सीआरपी हा दाहाचा दुसरा आकडा खालीच राहतो. त्यामुळे नुसत्या कागदावरून डोस ठरवू नये. डोकं, जबडा, नजर, सकाळी आखडणारे खांदे यांची विचारपूस मला त्या आकड्याइतकीच मोलाची वाटते.

डोळखांबसारख्या गावाहून मुंबईच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे आधी शहापूर, मग आसनगाव स्टेशन आणि पुढे लोकल. म्हाताऱ्या माणसाला दर पंधरवड्याला हे झेपत नाही. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकोनात गोळीचा डोस लिहावा, शेजारी दुखलं का तेही. अंबाडा घालायला हात वर जात नसेल, तर तीही नोंद हवी. साखर आणि रक्तदाब गावाजवळच तपासून घ्यावा, रक्तदाब दोन्ही हातांचा. मोठ्या रोहिणीला आलेला फुगवटा काही वर्षांनंतरही निघू शकतो, त्यासाठी तज्ज्ञ सांगतील तेव्हा छातीची तपासणी करावी. नजर अंधूक झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी निघावं, आणि कॅलेंडरचं ते पान सोबत न्यावं.