म्हाताऱ्या भिंगावर लेसरची कारागिरी

अहिल्यानगरच्या कापडबाजारात गेलात, तर पन्नाशीतल्या एखाद्या शिंपीकाकांना सुईत दोरा ओवताना जरूर बघा. सुई लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि शेवटी कपाळावरचा चष्मा खाली ओढतात. तोच दोरा तुम्ही बिनचष्म्याने झटक्यात ओवाल. असं का?

बाहुलीच्या मागे एक जिवंत भिंग असतं, जेमतेम 9 मिलिमीटर रुंद. जवळचं बघताना भोवतालचा स्नायू आवळतो, भिंगाला धरणारे बारीक धागे सैल पडतात आणि भिंग फुगतं. नवल म्हणजे या भिंगात जन्मभर नवे तंतू तयार होतात, पण जुना एकही बाहेर पडत नाही! सगळे आतच दाटतात, गाभा कडक होतो. मग स्नायूने कितीही जोर लावो, भिंग फुगत नाही. दहाव्या वर्षी 7-8 सेंटिमीटरवरचं अक्षर स्पष्ट दिसतं. पन्नाशीत तेच अर्ध्या मीटरवर न्यावं लागतं.

पत्त्यांचा कॅट सहज वाकतो, कारण पानं एकमेकांवर घसरतात. तीच पानं डिंकाने चिकटवली तर? वाकणारच नाहीत, म्हाताऱ्या भिंगाचंही तसंच होतं. जर्मनीतल्या हॅनोवर शहरात संशोधक होल्गर लुबाचोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी नेमका या चिकटवण्याच्या उलट उद्योग केला. भिंगाच्या आत लेसरने सूक्ष्म चिरा पाडल्या, म्हणजे थर पुन्हा घसरू लागतील.

पण बाहेरून न कापता आत चीर कशी पडणार? इथे कामाला येतो फेम्टोसेकंद लेसर. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी तुकडे करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा केसाची जाडी ओलांडू शकत नाही! अशा काहीशे फेम्टोसेकंदांच्या झोतात सगळी ताकद एकाच बिंदूवर एकवटते. तिथे इवलासा बुडबुडा उठतो, आजूबाजूला उष्णता जवळजवळ पसरतच नाही. इतके छोटे, जोरदार झोत तयार करण्याची युक्ती 1985 साली जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी शोधली. 2018 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

डुकरांच्या आणि माणसांच्या दान केलेल्या भिंगांवर प्रयोग झाले, भिंगं खरंच लवचीक झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हा लेसर आज वापरलाही जातो. कडक झालेल्या भिंगावरचा हा उपाय मात्र अजून संशोधनातच आहे. चिरांमुळे प्रकाश विखुरला तर नजर धूसर होईल, म्हणून घाई न केलेलीच बरी. तोवर काकांचा चष्माच भरवशाचा.

आणि हो, जत्रेत मिळणारा लेसर दिवा गंमत म्हणूनही कुणाच्या डोळ्यावर मारू नका. त्याने नजर कायमची जाऊ शकते.