तुळशीचं बी धरताना

तुळशीला मंजिरी आली की खुडायची, हे बहुतेक घरांत ठाऊक असतं. नाही खुडली तर झाडाचा सगळा जोर बी धरण्यात जातो, पानं बारीक होतात आणि तुळस लवकर वाळते. पण साऱ्याच मंजिऱ्या खुडल्या तर पुढचं रोप कुठून येणार? म्हणून निरोगी, डेरेदार झाडावरच्या चार-पाच मंजिऱ्या बियाण्यासाठी राखाव्यात. राम तुळस आणि कृष्ण तुळस शेजारीशेजारी असतील तर मधमाश्या दोन्हींवर फिरतात आणि वाण मिसळू शकतं. त्यामुळे बी धरायच्या झाडांत अंतर असलेलं बरं.

खरी पारख काढणीच्या वेळेची. मंजिरी खालून वर फुलत जाते, म्हणून बीही खालून पिकत जातं. शेंड्याला अजून जांभळट फुलं असतात, तेव्हा बुडाचे पुष्पकोश तपकिरी होऊन खाली झुकलेले असतात. शेंडा वाळेपर्यंत थांबलात तर खालचं चांगलं बी वाऱ्यानं झडून जातं, घाई केलीत तर हाती कोंडाच लागतो. अर्ध्याहून जास्त मंजिरी तपकिरी झाली की कापावी. शंका असेल तर बुडाचा एक कोश तळहातावर चोळून पाहा. आत चारपर्यंत बिया असतात, मोहरीहून कितीतरी बारीक. तांबूस-काळपट आणि टणक असतील तर तयार आहेत. फिकट आणि नखानं दबणाऱ्या असतील तर आणखी आठवडाभर थांबा.

कापणी कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर करावी. मंजिऱ्या कागदावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवाव्यात, मग हातावर चोळून चहाच्या गाळणीतून चाळाव्यात. हे बी सुपात पाखडू नका, ते कोंड्याबरोबर उडून जातं. ताटलीत घेऊन ताटली जरा कलती धरा आणि अगदी हलकी फुंकर घाला.

आता साठवण. पहिल्या वर्षी मी अर्धवट वाळलेलं बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. पावसाळ्यात उघडलं तर कुबट वास आला, आणि पेरल्यावर एकही रोप उगवलं नाही. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा १ टक्क्यानं उतरला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून बी खडखडीत वाळवून कागदी पुडीत बांधावं, पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावी आणि तळाशी चमचाभर भाजून गार केलेले तांदूळ घालावेत. पुडीवर वाण आणि तारीख लिहायला विसरू नका. बाटली कपाटात, अंधाऱ्या आणि थंड जागी राहू द्या.

पेरताना बियांत चौपट बारीक वाळू मिसळावी, म्हणजे त्या एका जागी पडत नाहीत. वरून मातीचा नुसता हात फिरवावा आणि पाणी शिंपडावं. ८ ते १२ दिवसांत कोंब दिसू लागतात.

एक हेक्टर तुळशीची रोपं करायला सुमारे ३०० ग्रॅम बी पुरतं. तुमच्या वृंदावनाला चिमूटभर पुष्कळ झालं, उरलेली पुडी शेजारी द्या.