बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

पुण्या-मुंबईस नोकरीत आयुष्य घालविलेली आपल्या भागातील माणसे सुट्टीत अहमदपुरास आली म्हणजे एक प्रश्न हटकून विचारतात: "तिकडचे बिऱ्हाड मोडून इकडे यावे म्हणतो. कोठे राहावे? लातूर, नांदेड, उदगीर, की आपले अहमदपूरच बरे?" २०२० च्या साथीत गावी येऊन गेलेल्या कित्येकांच्या मनात तर हा विचार तेव्हापासून घर करून आहे. आपण गावाच्या मायेपोटी उत्तर देऊन मोकळे होतो, आणि तेथेच चूक होते.

आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त जोडपे दिवाळीत येथे आले. हवा मोकळी, विहिरी भरलेल्या, शेजारी अगत्याचे. त्यांनी पुण्याचे घर विकले आणि येथे नव्या वसाहतीत घर बांधले. चैत्र सरतो न सरतो तोच बोअर आटला आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लागले. पुढे एके रात्री गृहस्थांच्या छातीत कळ आली. गाडी मिळवून लातूर गाठेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या वर्षी दोघे पुण्यास परतली, पण भाडेकरू म्हणून. दोष गावाचा नव्हता. त्यांनी दिवाळीतले गाव पाहिले होते, वैशाखातले पाहिले नव्हते.

तेव्हा पहिला नियम हा, की गाव त्याच्या सर्वांत कठीण महिन्यात जोखावे. पाणी हे पहिले माप. लातूर केवढे मोठे शहर! परंतु मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये तेथे मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. नांदेडला गोदावरी आहे. पण तेथे सखल वस्तीत घर घेणाऱ्याने पुराचीही चौकशी केली पाहिजे. अहमदपुरातही 'पाणी आहे का' एवढे विचारून भागत नाही. अमुक गल्लीत उन्हाळ्यात नळ कितव्या दिवशी येतो, हे तेथल्या बायकांना विचारावे.

दुसरे माप दुखण्याचे. लातूर व नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अहमदपूर या दोहोंच्या वाटेवर, जवळजवळ मध्यावर आहे. दिवसा ही सोय वाटते, मध्यरात्री तेच अंतर मोठे होते. आगगाडीसाठीही आपल्याला दुसऱ्या गावी जावे लागते. उदगीरला मात्र स्थानक गावातच आहे.

तिसरे माप घराच्या भिंतींचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तोवर हा मुलूख भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजला जाई. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. म्हणून वडिलार्जित वाडा दुरुस्त करून राहू म्हणणाऱ्याने आधी जाणत्या अभियंत्यास तो दाखवावा.

चौथे माप ज्याच्या त्याच्या संसाराचे. मुले अकरावी-बारावीत असतील तर येथलीच कुटुंबे लातुरात खोली घेतात. मग शहरातून येणाऱ्याने उलटी वाट का धरावी? ज्याला औषधपाण्यासाठी वरचेवर दवाखाना गाठावा लागतो, त्याने लातूर किंवा नांदेड पाहावे. परंतु ज्याचे शेत जवळ आहे, भाऊबंद हाकेच्या अंतरावर आहेत, प्रकृती धड आहे आणि हातून येथे काही काम होण्यासारखे आहे, त्याला अहमदपुरासारखे गाव नाही. शहरात शेजारी वर्षानुवर्षे अनोळखी राहतो, येथे दोन दिवस दार उघडले नाही तर चौकशी होते. या गोष्टीचे मोल म्हातारपणी कळते.

श्रोतेहो, येणाऱ्यांसाठी आमची सूचना साधी आहे. शहरातले घर लगेच विकू नये. फाल्गुन ते ज्येष्ठ येथे भाड्याने राहावे, आणि मगच निर्णय करावा. आणि आपणा गावकऱ्यांसाठीही एक आहे. पाहुण्याला आपण देऊळ दाखवितो, आमराई दाखवितो. कायमचे राहावयास येणाऱ्याला पाण्याची टाकी आणि दवाखानाही दाखवावा. ते दाखविताना आपल्याला संकोच वाटला, तर पुढे कोणते काम हाती घ्यावयाचे हे आपल्याला निराळे सांगावे लागणार नाही.