दिवसाढवळ्या चंद्र

संकष्टीला उपास सोडण्यासाठी रात्री नऊच्या सुमारास आपण ज्याची वाट पाहतो, तोच चंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बहुधा पश्चिमेला पांढुरका दिसतो. शाळेच्या रिक्षातली पोरं तो हमखास टिपतात, मोठी माणसं सहसा मान वर करत नाहीत.

चंद्र साधारण बारा तास क्षितिजाच्या वर असतो आणि रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळे त्याची पाळी सरकत दिवसातही येते. शुद्ध अष्टमीचा चंद्र भरदुपारी उगवतो, पौर्णिमेचा सूर्य मावळताना. अमावास्येच्या आसपास तो सूर्याच्या झगमगाटात हरवतो.

पण चांदण्या दिसत नाहीत, मग हाच कसा? हवा सूर्यप्रकाश विखुरते आणि आकाश निळ्या उजेडाने भरतं. लग्नमांडवातल्या गलक्यात कुजबुज विरते, सनई मात्र ऐकू येते, चंद्राचं तसंच. सूर्याचा उजेड परतवून तो त्या निळाईवर मात करतो.

नीट पाहिलंत तर त्याच्यावरचे डाग निळसर वाटतील. हा रंग चंद्राचा नाही, त्याच्या नि आपल्यामधल्या हवेचा.